फटीतला कापूस

जिजाबाईच्या अंगणात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओसरीवर बाया, कुंपणापाशी पुरुष आणि उभ्या बैलबंडीवर चढलेली पोरं, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळलेल्या. मधोमध बाजेवर जिजाबाईची सून कमला निपचित पडली होती. बाळंत होऊन तिला आठवडाही झाला नव्हता. डोळे अर्धवट मिटलेले, पण ओठ लालबुंद. उशाशी नत्थूजी महाराज मोरपिसांचा कुंचा घेऊन उभे होते.

"सटे, सोडतं का नाई सोडत? लिंबाची आण तुले! काळ्या कोंबडीची आण तुले! हिंगणघाटच्या टेसनाची आण तुले!"

सटवीचा आणि स्टेशनाचा काय संबंध, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. महाराजांनी कमलाच्या तोंडावर पाण्याचा हबका मारला, कुंच्यानं वारा घातला, पुन्हा सटवीला चार शिव्या हासडल्या. थोड्या वेळानं कमलानं डोळे उघडले, भडाभडा ओकली आणि "पाणी" म्हणाली. अंगणात एकच जयजयकार झाला. जिजाबाईनं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं ते उचलेचना.

गर्दीत सगळ्यांत पुढे होती शेजारची रुख्माबाई. ती काही चमत्कार पाहायची हौस म्हणून आली नव्हती. तिची विमल पहिलटकरीण, माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. तीन लेकरं मातीआड केल्यावर हाती लागलेली ही एकच पोर. गर्दी पांगल्यावर रुख्माबाई महाराजांपुढे पदर पसरून उभी राहिली.

"महाराज, माया विमलची खोली तुमीच बांधा."

वडनेरपासून आत असलेल्या त्या गावात महाराज दोन वर्षांपूर्वी कुठूनसे आले आणि 'खोली बांधण्या'चा धंदा त्यांनी असा काही जमवला, की सुईणीपेक्षा त्यांनाच आधी बोलावणं जाऊ लागलं. बाळंतिणीच्या बाजेखाली शेकासाठी शेगडी ठेवायची ही तर आपली जुनीच रीत. महाराजांनी तिला शास्त्र चिकटवलं. शेगडीत कोळसा त्यांच्या मठातला, वर राखेचं पांघरूण, म्हणजे रात्रभर धुनी जिवंत राहते. खोलीची बारीकशी फटही उघडी ठेवायची नाही, कारण सटवी फटीतून येते. आणि सकाळी दार उघडायचं ते महाराजांनीच. आत ते स्वतः कधी जात नसत. दार ढकलून बाजूला होत आणि घरच्यांना बाज अंगणात आणायला सांगत. बाळंतीण हसत उठली, तर धुनीचा प्रताप. बेशुद्ध निघाली आणि अंगणात शुद्धीवर आली, तर महाराजांचा प्रताप. उठलीच नाही, तर सटवीचा हट्ट. छापा पडला तरी महाराजांचा आणि काटा पडला तरी महाराजांचाच.

बऱ्याच घरी काही होत नसे, तेही खरं. कुडाच्या भिंती, सरकलेली कौलं, कोणी आळसानं खिडकीत नुसतं फाटकं पोतं कोंबलेलं. वारा आपली वाट काढून घेई. जिथे हलगर्जीपणा होता, तिथे लेकरं वाचली.

रुख्माबाई हलगर्जी नव्हती. तिच्या घराचं सारवण पाहायला बाया येत. विमलला मुलगी झाली तेव्हा वेचणी जोरात होती, माजघरात कापूस आढ्याला टेकला होता. रुख्माबाईनं त्यातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, बाजूला काढली आणि पांढराशुभ्र, हाताला लागला की जीव निवावा असा कापूस निवडला. खिडकीच्या चौकटीत, दाराखाली, कौलांच्या पोटाशी, जिथे फट दिसली तिथे तो अंगठ्यानं दाबून दाबून भरला. वरून शेणाचा हात फिरवला. महादेवराव, तिचे यजमान, म्हणाले, "अवं, इतका चांगला कापूस काऊन फटीत घालतं?" त्यावर ती म्हणाली, "माया नातीपेक्षा चांगला आहे का?"

पाचवीच्या पूजेला कोरा कागद आणि लेखणी ठेवली, सटवीनं लेकराच्या कपाळी चांगलं लिहावं म्हणून. सकाळी महाराज आले. दार उघडलं. विमलची बाज अंगणात आणली. तीच आरोळी, तोच हबका, तेच स्टेशन. विमल ओकली आणि उठून बसली. लोकांनी हात जोडले. रुख्माबाई नातीला घ्यायला आत धावली. पोरीचे गाल गुलाबासारखे, मूठ मिटलेली. रुख्माबाई तिला उचलून बाहेर आली आणि कौतुकानं म्हणाली, "पाहा व, इतका गलका झाला तरी कशी झोपली आहे."

ती झोपली नव्हती.

"एकीले सोडवलं," महाराज म्हणाले. "दुसरीचा हट्ट सटवीनं सोडला नाई. कुठंतरी एखांदी फट राहून गेली असन."

गाव म्हणालं, मायले वाचवलं हे काय कमी? विमलची चोळी दुधानं भिजत होती आणि ती ओसरीच्या खांबाला टेकून नुसती बसली होती. रुख्माबाई मात्र पुढे कितीतरी दिवस त्या खोलीच्या भिंती चाचपत राहिली. कोणती फट राहून गेली, ते शोधत.

सांत्वनाला तिचा भाचा प्रभाकर नागपूरहून आला. तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. भोपाळच्या दुर्घटनेला तेव्हा वर्षच झालं होतं आणि विषारी वायू आधीच ओळखणारी वस्तू बनवता येते का, याच्या खटपटीत तो होता. त्यानं विमलला चार प्रश्न विचारले. डोकं दुखत होतं का? मळमळ? पायांतलं बळ गेल्यासारखं? मग तो आत्याकडे वळला.

"आत्या, हा शेगडीचा वायू आहे. बंद खोलीत कोळसा अर्धवट जळला की होते."

"धूर तं नव्हता रे बापू. कोळसे लाल होते, वर राख होती. वासही नव्हता."

"त्याले वास नसतेच. रंगही नसते."

रुख्माबाईनं मान वर केली. "ज्याले रंग नाई, वास नाई, ते तुले दिसलं ते खरं. अन् महाराजाले सटवी दिसली ते खोटी?"

प्रश्न चुकीचा असता तर प्रभाकरनं उत्तर दिलंही असतं. न दिसणाऱ्या दोन गोष्टींतली खरी कोणती, हे नुसत्या तोंडच्या वाफेनं ठरत नाही. तो खाली मान घालून नागपूरला परतला.

दुसऱ्या हिवाळ्यात विमल पुन्हा माहेरी आली. या वेळी समुद्रपूरहून, सासरहून, निरोपही सोबत होता: याही खेपेला लेकरू राहिलं नाही, तर पोरीला पाठवायची घाई करू नका. पुन्हा मुलगीच झाली. पुन्हा माजघरात कापूस होता, आणि रुख्माबाईनं या वेळी दुप्पट भरला. हाताला हात दिसेना इतकी ती खोली अंधारी केली.

चौथ्या दिवशी सकाळीच प्रभाकर फटफटीवरून येऊन थडकला. त्याच्या हातात एक साबणदाणी होती. झाकणाला भोकं पाडलेली, आत बोराच्या बीएवढा चिनी मातीचा तुकडा, त्यावर पांढरट लेप आणि भोवती केसासारखी तार. तिला जोडलेली लांब वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला काट्याचं मीटर. त्यानं फटफटीची बॅटरी जोडली, डबी तुळशीच्या ओट्यावर ठेवली, तुकडा तापू दिला. काटा डावीकडे निजून राहिला.

"आत्या, खोलीचं दार उघड."

"महाराज आल्याबिगर दाराले हात लावाचा नाई."

"बरं, दार नको. दाराखालचा एक बोळा काढ. एवढी डबी आत सरकू दे. सटवी या डबीले समजत नाई. आत सटवी असली तं काटा निजून राहीन. वायू असला तं उठन."

रुख्माबाई घुटमळली. मनातून तिला वाटत होतं, काटा निजलेलाच राहावा, म्हणजे या पोराच्या डोक्यातलं खूळ तरी जाईल. तिनं खाली बसून बोळा उपसला. प्रभाकरनं काठीनं डबी आत ढकलली.

काटा उठला. थरथरत मध्यावर आला, मध्य ओलांडून उजवीकडे गेला आणि टोकाला जाऊन टेकला.

"विमल!" प्रभाकरनं हाक मारली. आतून उत्तर आलं नाही.

मग त्यानं विचारलं नाही. खांद्यानं दार मोडलं. रुख्माबाई "सटवी येईन रे, सटवी येईन!" म्हणून किंचाळत होती, तिला ओलांडून तो आत गेला. महादेवराव धावले. दोघांनी बाज बाहेर काढली. प्रभाकरनं बाळाला उचलून सरळ उन्हात आणलं. विमल गुंगीत बडबडत होती. बाळ लुळं पडलं होतं, गाल तसेच गुलाबी. रुख्माबाईनं ते गाल ओळखले आणि ती मटकन खाली बसली. प्रभाकर बाळाचे तळवे चोळत राहिला, तोंडानं फुंकर घालत राहिला. मग बाळानं एक बारीक कुरकुर केली, आणि नंतर असं भोकाड पसरलं की शेजारच्या गल्लीतले लोक जमा झाले.

लोक आले, त्यांच्यामागून महाराज आले. मोडलेलं दार, बाहेर आणलेली बाज आणि काट्याचं मीटर त्यांनी एका नजरेत टिपलं. माणूस लबाड होता, मठ्ठ नव्हता.

"काय सांगून राह्यलो होतो मी?" त्यांनी कुंचा उंचावला. "पाहा लोकहो! नागपूरच्या प्रोफेसरच्या यंत्रानंही सटवी दाखवली! काटा कायनं उठला? सटवीनं उठवला! देवानंच याच्या हातून हे यंत्र बनवून घेतलं!"

"खरंच व माय," जिजाबाई म्हणाली. गर्दीनं मान डोलावली.

वर्षभर खपून बनवलेल्या डबीवर असा दिवसाढवळ्या दरोडा पडलेला पाहून प्रभाकर थक्क झाला. तरी बाळ आत्याच्या मांडीवर ठेवून तो समजावू लागला.

"ऐका. कल्हईवाला भांड्याले लावते ते कथील. त्याची भट्टीत पांढरी राख केली अन् तिचा हा लेप. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तं खळ्यावरच्या ज्वारीसारखी कणांची रास दिसते. कणाकणांच्या मधी फटी आहेत, त्यातून हवा खेळते. हवेतला प्राणवायू कणांवर बसते अन् विजेले अडवून धरते. कोळशाचा वायू आला की तो प्राणवायू ओढून नेते. अडवणारा गेला, वीज धावली, काटा उठला. आपल्या रक्तातही हा वायू असाच प्राणवायूची जागा बळकावते."

"अन् फटी बुजल्या तं?" रुख्माबाईनं खालूनच विचारलं. ती अजून उठली नव्हती.

"तं डबी मुकी होते, आत्या."

गर्दीला त्यातलं फारसं कळलं नाही. वीज, कण, प्राणवायू, सगळं डोक्यावरून गेलं. महाराज मिशीत हसले. "हेच तं मीही म्हणतो. प्रोफेसर तिले वायू म्हणते, आपून सटवी म्हणतो. नाव येगळं, बाई एकच!"

लोक हसले. डाव हातचा गेला, हे प्रभाकरला कळलं.

तेव्हा रुख्माबाई उठली. मांडीवरचं बाळ तिनं तोवर सावध झालेल्या विमलच्या कुशीत ठेवलं. तिचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"महाराज, खोली रिकामी ठेवली तं सटवी येते का?"

"खुळी का काय? रिकाम्या खोलीत कायले येईन? तिले बाळंतीण पायजे, लेकरू पायजे."

"मंग प्रभाकर, माणूस कोणी नको. नुसती शेगडी ठेव आत. अन् दार लाव."

प्रभाकर तिच्याकडे पाहत राहिला. काटा उठला तर महाराज खोटे ठरतील, हे अंगणात सगळ्यांना समजलं. पण काटा उठला तर आणखी काय खरं ठरेल, हे फक्त दोघांना कळत होतं. एक रुख्माबाई, दुसरा तो. "आत्या," तो हळूच म्हणाला, "राहू दे. आपण तालुक्याच्या डॉक्टरले..."

"ठेव म्हणते ना."

आधी डबी अंगणात आणून वाऱ्यावर ठेवली, काटा पुन्हा डावीकडे निजू दिला. खोली वाऱ्यानं मोकळी केली. मग रिकामी बाज आणि डबी पुन्हा आत नेली, त्याच कोळशाची शेगडी बाजेखाली गेली. मोडकं दार रुख्माबाईनं स्वतः टेकवलं, आणि कापूस घेऊन पुन्हा फटी भरल्या. तशाच, अंगठ्यानं दाबून दाबून. तिचा हात सरावाचा होता. मीटर तुळशीच्या ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं.

बराच वेळ काही झालं नाही. महाराजांनी पान लावलं. कोणीतरी विडी पेटवली. मग बंडीवर बसलेल्या पोरांपैकी एकजण ओरडला, "हालला!"

काटा हळूहळू, कोणाचीही पर्वा न करता चढत गेला. खोलीत बाळंतीण नव्हती. लेकरू नव्हतं. विमल सगळ्यांदेखत उन्हात बसून पोरीला पाजत होती.

"वास लागला असन तिले जुना," महाराज म्हणाले, पण पान तोंडात तसंच राहिलं होतं.

"असं असन," महादेवराव पहिल्यांदाच बोलले. जन्मभर बायकोच्या शब्दाबाहेर न गेलेला तो शांत माणूस लालबुंद झाला होता. "मंग तुमी बसा अंदर घडीभर. तुमची धुनी, तुमची सटवी. तुमाले काय भेव?"

"बसतो ना! भेतो का काय मी?" महाराज उठले, दारापर्यंत ताठ गेले. उंबऱ्यापाशी थबकले. "फक्त दार उघडं ठेवा."

ते वाक्य तोंडातून निसटल्यावर महाराजांनाही ते ऐकू आलं असावं.

जिजाबाईच त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "काऊन? दार उघडलं की सटवी येते म्हणत होते ना? मंग तुमाले माहीत होतं. माई सून आतमधी पडली होती, तवाही माहीत होतं."

महाराजांनी कुंचा काखेत मारला आणि ते झपाझप चालू लागले. मठापर्यंत पोरं मागे धावत गेली, "टेसनाची आण! टेसनाची आण!" ओरडत. पुढे पोलिसही आले. पण बाळंतिणी गुंगल्या त्याचा पुरावा कुठून आणायचा? मठ बंद झाला, एवढंच झालं. आपल्याकडे एवढं झालं तरी लोक न्याय झाला म्हणतात.

गर्दी पांगली. प्रभाकर वायर गुंडाळत होता. रुख्माबाई त्याच्याजवळ येऊन बसली.

"बापू, हे तुयं यंत्र मागल्या सालचं काई सांगते का?"

"नाई, आत्या. आत्ताच्या हवेचंच सांगते."

"मागल्या साली थंडीही जास्त होती. पोरगी अशक्त होती जराशी. आनंदाबाई सुईणही म्हणे, वजन कमी आहे." ती त्याच्याकडे पाहत नव्हती. "तवा ठेवलं असतं तं... असाच उठला असता का काटा?"

खोटं बोलायला तोंडाला एक शब्द पुरला असता. प्रभाकरनं तो शोधून पाहिला. पण याच बाईनं, उत्तर काय येईल ते उमगूनही, सगळ्या गावासमोर प्रश्न विचारला होता. तिच्याशी खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

"हो, आत्या."

तिनं मान हलवली. रडली नाही. उठून खोलीत गेली आणि फटींतला कापूस काढू लागली. एकेक बोळा नखानं उकरून, ओच्यात घालत. कौलांखालचा हाताला येईना, तेव्हा बाजेवर चढली. आतल्या बाजूनं प्रत्येक बोळा राखेनं मळला होता, बाहेरची बाजू मात्र अजून पांढरी. विमल बाळाला घेऊन दाराशी येऊन उभी राहिली.

"माय, तुले कुठं माहीत होतं."

"माहीत नव्हतं म्हणूनच तं," रुख्माबाई म्हणाली. ओच्यातला कापूस तोंडावर दाबून ती बाजेवर बसली. तिचा दबका हुंदका ऐकून बाळही रडू लागलं. विमल जवळ आली नाही. परतलीही नाही. बऱ्याच वेळानं तिनं बाळाला आईच्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीचं दार सताड उघडलं.

ती मुलगी जगली. समुद्रपूरच्या शाळेत जाते. मोठेपणी तिला कोणी सांगेल किंवा नाही सांगेल, की तिच्याआधी एक होती.

आणि रुख्माबाई? गावात कुठेही पाळणा हलला की ती न बोलावता जाते. चहा घेत नाही, ओटी भरून घेत नाही. आधी शेगडी बाहेर काढते, मग खोलीच्या भिंती चाचपते आणि फटीत बोळा दिसला की उपसते. सुरुवातीला लोक म्हणाले, नातीच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं. एका सासूनं तर हात धरला: "अवं बाई, आमच्या आज्या-पणज्यांची रीत आहे. तुले काय समजते त्यातलं?"

"आज्यांच्या घराले फटी होत्या, बाई," रुख्माबाई म्हणाली. "तुले कोणी म्हटलं, हे केलं की लेकरू वाचते, तं लेकरू अंदर नसताना एकदा करून पाह्य. मंग ठरव. प्रश्न विचाराले पाप नाई लागत. मी इचारला, पण एक साल उशिरा इचारला."

सासूनं हात सोडला. रुख्माबाईनं खिडकी उघडली, बोळा ओच्यात टाकला आणि पाळण्यात वाकून पाहिलं. गाल गुलाबी दिसले की ती आजही आधी बाळाला चिमटा काढते, आणि ते रडेपर्यंत तिथून हलत नाही.